दुखण्याचा तक्ता

२ सप्टेंबर

ही वही ताईने दिली. पहिल्या पानावर तिने 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं आहे. 'र्दि'चा रफार पुढच्या अक्षरावर गेला होता, तो मी खोडून जागेवर आणला. तिला सांगणार नाही.

आज सही केली. क्लबचा मुख्य बास्केटबॉल संघ, एका हंगामाचा करार. टिकलो तर पुढे तीन हंगामांचा करतील. नाही टिकलो तर माझ्याकडे काय आहे ते इथे एकदाच लिहून ठेवतो: नववीपर्यंतची शाळा, सहा फूट पाच इंच उंची, आणि बाबांच्या हाताखाली फरश्या उचलायचं काम. नववीत असताना क्लबने मला त्यांच्या वसतिगृहात नेलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, "वर्ग सोडतोयस, वाचन सोडू नकोस." वाचन सोडलेलं नाही. शब्दकोश पिशवीत असतो.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले. मॅनेजरची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्यात जुन्या संघांचे फोटो लावलेले आहेत. बाबा प्रत्येक फोटोपुढे कठडा धरून थांबत होते. त्यांना खेळाची एवढी आवड असेल असं मला वाटलं नव्हतं. ते वर पोचेपर्यंत सही होऊन गेली.

प्रकृतीच्या अर्जात एक प्रश्न होता: यापूर्वीची दुखापत. मी लिहायला घेतलं, कारण पंधराव्या वर्षी शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर डाव्या गुडघ्यावर पडलो होतो. एकच अक्षर लिहून झालं होतं तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "अरे, चरित्र लिहितोस का? आता दुखतंय?"

"आता नाही."

"मग 'नाही' लिही. रकाना बघ केवढासा आहे. सगळे तेच लिहितात."

खाडाखोड नको म्हणून त्यांनी दुसरा कोरा अर्ज दिला. व्यवस्थित माणूस आहे.

जर्सी क्रमांक चौदा.

५ सप्टेंबर

कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी एक तक्ता टांगलेला असतो. डावीकडे सगळ्यांची नावं, वर तारखा, आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. सकाळी कोर्टवर जाण्याआधी प्रत्येकाने आपलं दुखणं आकड्यात लिहायचं. शून्य म्हणजे कुठेच दुखत नाही, दहा म्हणजे उभंसुद्धा राहता येत नाही. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना आहे. तो कोणीच भरत नाही.

खाली छापलेल्या सूचना मी पूर्ण वाचल्या. मागे रांग लागली. मी 'दीड' लिहिलं आणि शेऱ्यात 'डावा गुडघा, फक्त जिना उतरताना' असं लिहिलं. सूचनांमध्ये 'दुखणे' हा शब्द 'दुखने' असा छापला आहे, तेही फिजिओंना सांगितलं. ते शिकलेले डॉक्टर नाहीत, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. ते हसले, म्हणाले, "पुढच्या वेळी दुरुस्त करू."

माझ्या मागे काका होता. काका कोणाचा काका नाही. तो पस्तिशीचा आहे, संघात सगळ्यांत जुना, म्हणून काका. तो ओरडला, "उठा रे, बसा रे! वर्गात मास्तर आले!"

झालं. तीन दिवसांत माझं नाव मास्तर पडलं.

६ सप्टेंबर

तक्ता नीट पाहिला. मी सोडून बाराच्या बारा जणांचे आकडे दोन. कालही दोन, परवाही दोन. ज्याचा अंगठा सुजून वांग्याएवढा झालाय त्याचाही दोन. मला वाटतं त्यांना मोजपट्टी कोणी समजावून सांगितलेली नाही.

१४ सप्टेंबर

आज काका शेजारी बसून पायाला पट्टी गुंडाळत होता. म्हणाला, "मास्तर, एक धडा मी शिकवतो. शून्य लिहिलं तर त्यांना वाटतं हा थापा मारतोय. पाच लिहिलं तर वाटतं हा संपला. म्हणून दोन. दोन म्हणजे 'नमस्कार, कसे आहात?' कळलं?"

"पण मला दोन नसतं."

"मलाही नसतं, बाळा. मला सकाळी उठल्यावर आठ असतं. मी ते बायकोला सांगतो. ती म्हणते, दूध आणा."

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात आलं, इतकी वर्षं खोटं लिहून याने काय मिळवलं? डॉक्टरांना खरं कळलं असतं तर याचे गुडघे आज असे वाजले नसते. तो बसतो तेव्हा कोरडी फांदी मोडल्यासारखा आवाज येतो.

मी आज 'पावणेदोन' लिहिलं. कारण पावणेदोनच होतं.

४ ऑक्टोबर

पहिला सामना. अकरा मिनिटं खेळलो. सहा गुण, पाच रिबाउंड, एक फाउल. तो फाउल माझा नव्हता, पण पंचांशी वाद घातला नाही.

आत गेलो तेव्हा छातीत इतकं धडधडत होतं की पहिला पास मी सरळ पाणी देणाऱ्याकडे टाकला. लोक हसले. मग रिंगखाली एक उसळलेला चेंडू हातात आला, कसा आला ते कळलं नाही, आणि मी तो आत टाकला. ते दोन गुण बोर्डावर लागताना मी पाहिले. दिवे बदलून आकडा होतो. माझ्यामुळे.

ताई गॅलरीत होती. बाबा आले नाहीत, त्यांचं इस्पितळाच्या नव्या इमारतीत काम चालू आहे, दोनशे फूट लांब व्हरांडा आहे म्हणे.

गुडघा: साडेतीन.

११ ऑक्टोबर

डॉक्टरांनी मला सराव संपल्यावर थांबवून घेतलं. टेबलावर बसवून गुडघा वाकवून पाहिला. हात गरम असतात त्यांचे. म्हणाले, "या संघात तू एकटा खरं लिहितोस. बाकीच्यांवर मी उपचार तरी काय करू? तू लिहीत जा. मन मोकळं होतं. जे लिहितोस ते इथेच राहतं."

मला फार बरं वाटलं. वसतिगृहात सात वर्षं काढली, पण 'कुठे दुखतं' असं कोणी विचारलं नव्हतं.

माझी हिरवी फाईल त्यांनी कपाटात ठेवली. वर दोन नावं आहेत, त्यांचं आणि मॅनेजरचं. म्हणजे अगदी वरपर्यंत आपली काळजी घेतली जाते.

२५ ऑक्टोबर

सुटी. घरी गेलो. बाबा अंगणात बसून गुडघ्याला बांधायच्या गाद्या शिवत होते, जुन्या टायरच्या रबराच्या. दोन्ही गुडघ्यांवर घट्टे पडलेत, रंग मातीसारखा.

मी त्यांना मोजपट्टी समजावून सांगितली. म्हटलं, "बाबा, शून्य ते दहा. तुमचं किती?"

"कसला आकडा? उठतोय ना मी?"

"उठताना किती दुखतं ते विचारतोय."

त्यांनी दाताने दोरा तोडला. म्हणाले, "गुडघ्याचं बोलू नये. गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं की ते दुसरा माणूस बघतं. तू पण कुठे बोलू नकोस."

मी म्हटलं, "आमच्याकडे तसं नसतं. आमच्याकडे डॉक्टर असतात."

"असतील बाबा. तुमचं शिकलेल्यांचं वेगळं."

नववी पास माणसाला शिकलेला म्हणणारे जगात फक्त बाबाच असतील. त्यांना आकडा सांगता आला नाही याचं मला वाईट वाटलं. ज्याला आपलं दुखणं मोजता येत नाही त्याने ते बरं करायचं कसं?

१० नोव्हेंबर

सोमवार, सुटीचा दिवस. शब्दकोशाची पानं सुटली होती म्हणून बांधणाऱ्याच्या दुकानात गेलो होतो. समोरच्या गल्लीतल्या एका खाजगी दवाखान्यातून काका बाहेर आला. भिंतीला हात लावत चालत होता. दोन्ही गुडघ्यांवर सुई टोचल्यावर चिकटवतात ते कापसाचे बोळे. मला पाहून आधी थांबला, मग हसला.

"मास्तर, तू मला पाहिलं नाहीस."

"पाहिलं की."

"पाहिलंस रे. पण पाहिलं नाहीस." मग खांद्यावर हात टाकून हळू म्हणाला, "धाकटीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. एवढा हंगाम ढकलायचा आहे मला. तेवढाच. शब्द दे."

मी शब्द दिला: पाहिलं असं कोणाला सांगणार नाही.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी गुडघ्याला बर्फ लावता लावता सहज विचारलं, "काकाचं काय चाललंय रे? मंगळवारी एकदम ताजातवाना असतो, शनिवारपर्यंत लंगडायला लागतो. मला काळजी वाटते. सुटीच्या दिवशी कुठे बाहेर उपचार घेतो का? चुकीच्या माणसाच्या हाती लागला तर पाय जायचा."

ते पुन्हा म्हणाले, "तुझ्याशी तो बोलतो म्हणून विचारलं. त्याच्या भल्यासाठीच."

मी विचार केला. पाहिलं असं सांगणार नाही, हा शब्द दिला होता. तो मी मोडला नाही. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानासमोर एक दवाखाना आहे, एवढंच सांगितलं.

आज आकडा चार.

२ डिसेंबर

काकाला काढलं. बाहेरून इंजेक्शनं घेतली, क्लबला कळवलं नाही, हे कारण. करारात तसं कलम आहे म्हणे.

तो आला तेव्हा आम्ही सगळे बूट बांधत होतो. त्याने कपाटातून चपला, पट्ट्यांचा डबा आणि मुलीने काढलेलं एक चित्र घेतलं. आम्ही बुटांच्या नाड्या ओढत राहिलो. मग तोच म्हणाला, "अरे, मेलोय का मी? तोंडं कसली पाडता? ज्याने सांगितलं त्यालाही देव सुखी ठेवो. त्याचे गुडघे शंभर वर्षं टिकोत."

जाताना माझ्यापाशी थांबला. खूप वेळ पाहत राहिला. म्हणाला, "मास्तर, तू शाळा सोडायला नको होतीस. मोठा कारकून झाला असतास."

चांगल्या मनाने म्हणाला असावा.

कोणी सांगितलं असेल? संघात अशी माणसं असतात. मी रात्री प्रत्येकाचा विचार करून पाहिला. उजव्या बाजूला खेळणारा लांब केसांचा, मला त्याचा संशय येतो. तो मॅनेजरला दारापर्यंत पोचवायला जातो.

६ डिसेंबर

काकाच्या जागी पहिल्या पाचात मी.

२१ डिसेंबर

पाच सामने पहिल्या पाचात. काल सतरा गुण, बारा रिबाउंड. शेवटच्या दीड मिनिटात दोन फ्री थ्रो होते. मी नेहमीप्रमाणे चेंडू तीनदा आपटला, श्वास सोडला, आणि गॅलरीतून "मास्तर! मास्तर!" असा आवाज आला. दोन्ही आत. मोठी मोठी माणसं, मला न ओळखणारी, उभी राहून माझं नाव घेत होती. खरं नाव नव्हे, पण माझंच.

हे मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कधी वाटलं की असं झालंच नव्हतं, तर बघता येईल.

गुडघा सहा. सकाळी न्हाणीघरात नळाला धरून उठावं लागलं.

२३ डिसेंबर

कोच तक्त्याचा कागद हातात घेऊन आले. "हे काय? सहा?"

"हो, सर."

"आणि काल मी विचारलं, खेळशील का, तर काय म्हणालास?"

"खेळेन म्हणालो."

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरं आहे, सर."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "पोरा, तुला कोणी शहाण्याने काही सांगितलं नाही का रे?" आणि उत्तराची वाट न बघता गेले.

त्यांना काय म्हणायचं होतं कळलं नाही. सूचना तर मी पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या.

८ जानेवारी

तिसऱ्या क्वार्टरमध्ये उडी मारून खाली आलो तर पाय खाली आलाच नाही. म्हणजे आला, पण गुडघा वाकलेला तसाच अडकला, दारात बोट सापडावं तसा. पडलो. छताचे दिवे मोजले, अठरा होते. ओरडलो नाही. ताई म्हणते ओरडलास.

१० जानेवारी

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. कूर्चा फाटली आहे. दोन हाडांमधली गादी म्हणजे कूर्चा. शब्दकोशात पाहिला, 'कू' दीर्घ. तुकडा मध्ये अडकतो म्हणून पाय सरळ होत नाही. शस्त्रक्रिया लवकर झाली तर आठ महिन्यांत खेळता येईल. उशीर झाला तर खेळायचं विसरायचं. त्या म्हणाल्या, "हे एका दिवसात झालेलं नाही. जुनं आहे, त्यावर हे नवं."

मी व्हीलचेअरवरून ज्या व्हरांड्यातून आलो तो बाबांनी बसवलेला आहे. एकही फरशी वर-खाली नाही. चाक कुठेच अडखळलं नाही.

१३ जानेवारी

डॉक्टर, म्हणजे आपले फिजिओ, भेटायला आले. केळी आणली होती. म्हणाले, "घाबरू नको, क्लब आहे ना. फक्त आता मला अगदी सुरुवातीपासून सगळं लिहून दे. शाळेपासून. जितकं नेमकं सांगशील तितका उपचार नेमका."

दोन पानं भरली. कोर्ट सिमेंटचं होतं, रिंगला जाळी नव्हती, पाऊस नुकताच थांबला होता, भूगोलाच्या बाईंनी रुमालात बर्फ बांधून आणला. तीन आठवडे लंगडत होतो. नंतर वसतिगृहात वर्षातून दोनदा-तीनदा सूज यायची, त्याचे महिने आठवून लिहिले. पहिल्यांदा कच्चं लिहिलं, मग स्वच्छ प्रत केली. डॉक्टर बसून राहिले होते. दोनदा घड्याळ पाहिलं त्यांनी, पण घाई केली नाही.

शेवटी म्हणाले, "खाली सही आणि तारीख घाल. सही असली की कागद पूर्ण होतो."

त्यांनी दोन्ही पानं हिरव्या फाईलमध्ये ठेवली. जाताना म्हणाले, "तुझ्यासारखे लोक हवेत." त्यांचा आवाज जरा घोगरा वाटला. सर्दी असेल.

२९ जानेवारी

मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. कुबड्यांवर दोन जिने चढलो. प्रत्येक फोटोपाशी थांबलो. मग लक्षात आलं, बाबा त्या दिवशी का थांबत होते.

टेबलावर दोन कागद होते. एक अर्ज, एक माझी दोन पानं.

"हे अक्षर तुझंच?" अर्जावर बोट. यापूर्वीची दुखापत: नाही.

"हो."

"आणि हे?"

"हो."

"सुंदर अक्षर आहे. दोन्हीकडे सारखंच." त्यांनी चष्मा काढला. "दुखापत लपवून सही केलीस. अशा वेळी करार रद्द होतो आणि उपचाराची जबाबदारी क्लबवर राहत नाही. माझ्या हातात काही नाही रे. कलम आहे."

मी म्हटलं, "साहेब, 'नाही' लिही असं तुम्हीच सांगितलंत. मी लिहायला घेतलं होतं. एक अक्षर लिहिलं होतं. तुम्ही कोरा अर्ज दिलात."

"मी?" ते खरोखर आश्चर्य वाटल्यासारखे दिसले. "मी कशाला सांगेन असं? कोण होतं तेव्हा खोलीत?"

कोणी नव्हतं. बाबा जिन्यात होते.

डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून खाली पार्किंगमध्ये काहीतरी शोधत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात, इथेच राहतं."

ते म्हणाले, "इथेच आहे की."

फाईल टेबलावर होती. तेही खरंच होतं.

३० जानेवारी

काही नाही.

२ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. ताईने आधी रडून घेतलं, मग मॅनेजरला शिव्या दिल्या, मग चहा ठेवला. बाबा हातावरचं वाळलेलं सिमेंट नखाने काढत बसले.

मग म्हणाले, "तुला लिहायला कोणी सांगितलं होतं?"

"डॉक्टरांनी."

"तो पगार कोणाचा घेतो?"

"क्लबचा."

"अकरा वर्षं माझे दोन्ही गुडघे गेलेत. अकरा. तुझ्या आईला माहीत होतं, ती गेली. दुसऱ्या कोणाला कळू दिलं नाही. त्या गुडघ्यांवर तुम्हा दोघांना वाढवलं." ते भिंतीला धरून उठले. उठताना नेहमी दुसरीकडे तोंड करतात, आज केलं नाही. पूर्ण उठेपर्यंत मी पाहिलं. "शाळा अर्धवट राहिली म्हणून तुला वाईट वाटतं ना? अरे, जेवढा शिकलास तेवढंच जास्त झालं."

ताई म्हणाली, "बाबा!"

ते बाहेर जाऊन बसले.

१६ फेब्रुवारी

सरकारी इस्पितळाच्या यादीत नाव लागलं. नंबर पुढच्या वर्षी येईल. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तोवर गुडघा टिकेल का? त्या म्हणाल्या, "चालण्यापुरता."

काकाला फोन केला. तीनदा वाजला, उचलला नाही. कामात असेल.

१७ फेब्रुवारी

पुन्हा केला. या वेळी मुलीने उचलला. मी नाव सांगितलं, मास्तर. तिने फोन बाजूला धरून कोणाला तरी सांगितलं. मागून काकाचा आवाज आला, मोठा, मला ऐकू यावा असा: "सांग, बाबांनी पाहिलं नाही म्हणून."

मी फोन ठेवला.

१९ नोव्हेंबरचं पान काढून पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच लिहिलेलं नाही. ते पान मी फाडणार होतो. मग फाडलं नाही, कारण मागच्या बाजूला २ डिसेंबर आहे.

९ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. बाबांबरोबर कामावर जातो. उकिडवं बसता येत नाही, म्हणून मापं लिहून घेतो आणि फरश्या मोजतो.

आज मॅनेजरचा निरोप आला. डॉक्टरांनी माझं नाव सुचवलं म्हणे. दुखण्याचा तक्ता रोज लावायचा, आकडे भरून घ्यायचे, मग कॉम्प्युटरवर उतरवायचे. बसून काम आहे. महिन्याच्या पगारावर.

ताई म्हणाली, "थुंक त्यांच्या तोंडावर."

बाबा म्हणाले, "बसून आहे ना? मग जा."

१ ऑगस्ट

दाराशी एक स्टूल मिळालं. पहिलं काम मी हे केलं: सूचनांमधलं 'दुखने' दुरुस्त केलं. नवा तक्ता छापून घेतला, शेऱ्याचा रकाना थोडा रुंद केला. डॉक्टरांनी पाहिला, म्हणाले, "वा."

खेळाडू येतात, माझ्याकडे न बघता 'दोन' लिहितात आणि जातात. उजव्या बाजूच्या लांब केसवाल्याने फक्त विचारलं, "मास्तर, पाय कसा आहे?"

मी म्हणालो, "दोन."

तो हसला नाही.

२८ ऑगस्ट

माझ्या जागेवर नवा मुलगा घेतला आहे. वीस वर्षांचा, माझ्यापेक्षा दोन इंच उंच. काल त्याने करारावर सही केली. जर्सी क्रमांक चौदा. जुनी जर्सी नाही, नवी छापली, पण आकडा तोच. त्याची उडी मी दारातून पाहिली. वर जातो तेव्हा क्षणभर तिथेच राहतो, खाली यायचं विसरल्यासारखा.

आज तो पहिल्यांदा तक्त्यापाशी आला. सगळे आत गेले होते. त्याने सूचना पूर्ण वाचल्या. मग पेन्सिल हातात घेऊन वरचे आकडे पाहिले, दोन, दोन, दोन, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, इथे काय लिहायचं असतं?"

'असतं' म्हणाला. म्हणजे त्याला शंका आली होती. एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. काका असता तर 'दोन' म्हणाला असता. मला तर काकानेही सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. मग याला का सांगायचं? आणि दोन लिही म्हणणं म्हणजे खोटं लिहायला सांगणं. मला पगार खऱ्यासाठी मिळतो.

आत चेंडू आपटत होते. त्याच्या पाठीवरचा चौदा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी म्हणालो, "खरं लिही. मन मोकळं होतं. जे लिहितोस ते इथेच राहतं."

त्याचा चेहरा सैल झाला. त्याने 'अडीच' लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, उजवा घोटा. अक्षर बरं आहे.

मी विचारलं, "कधीपासून?"

"शाळेत असल्यापासून, दादा. मोठी गोष्ट आहे."

रकाना रुंद केला तरी लहानच होता. मी त्याला एक कोरा कागद दिला.